नागपुरात घराभोवती इथलीच झाडं लावायची, तर रोपं आणि बी आणायचं कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मानेवाड्याकडे दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट, घर बांधून झालं, समोर दहा फुटांची पट्टी आणि मागे एक कोपरा उरलाय. खाली काळी माती, वर बिल्डरने टाकलेला मुरूम. पश्चिमेची भिंत तापते. तिथे आपल्या भागातली झाडं लावायची आहेत. नर्सऱ्या फिरलात, पाम, फायकस आणि बोगनवेल यापलीकडे काही दिसलं नाही. ऑनलाइन पळसाच्या बियांचं पाकीट मागवलं, त्यातलं एकही उगवलं नाही. शिवाय मागच्या कोपऱ्यात सुबाभूळ आपोआप वाढलीय, तिचं काय करायचं?

मी नागपुरात घरांच्या आणि शाळांच्या बागा लावून देते. त्यासाठी लागणारी बरीचशी रोपं स्वतःच वाढवते, कारण तुमच्यासारखीच मलाही ती बाजारात तयार मिळत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला वाटतंय की योग्य दुकान सापडत नाहीये. माझ्या मते तुमची अडचण दुकानाची कमी आणि वेळेची जास्त आहे. रस्त्याकडेच्या नर्सरीत जो माल दिसतो तो बहुतेक बाहेरून ट्रकने येतो, आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याकडून. फांदी खोचली की लागतं, ट्रकमध्ये टिकतं आणि बारा महिने हिरवं दिसतं, अशाच झाडांना त्या धंद्यात जागा आहे. आपलं जंगल पानझडीचं. पळस, मोह, तेंदू, चार (चारोळीचं झाड), सालई, धावडा ही सगळी मंडळी उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतात. मार्च महिन्यात पिशवीतलं पळसाचं रोप म्हणजे मातीत खोचलेली वाळकी काडी. ती कोण विकत घेणार? आणि जे कोणी विकत घेणार नाही ते नर्सरीवाला वर्षभर पाणी घालून का सांभाळणार? त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी हेच केलं असतं.

त्यामुळे इथली झाडं आधी सांगून ठेवायची आणि पावसाळ्यात उचलायची. गेल्या गेल्या हातात मिळतील ही अपेक्षा सोडा. नर्सरीवाल्याला नुसतं “जंगली झाडं आहेत का” असं विचारलंत तर “भेटते न ताई, दोन दिवसांनी या” हे उत्तर मिळेल, आणि दोन दिवसांनी तो कुठून तरी काहीतरी आणून ठेवेल. त्याऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये जा आणि नाव घेऊन सांगा : आपट्याची दोन, बहाव्याचं एक, मुरुडशेंगेची चार, जुलैत नेईन, हे थोडे पैसे आगाऊ ठेवा. त्याच्याकडे गेल्या वर्षीची रोपं असतील तर तो राखून ठेवतो. नसतील तर मेच्या आत सांगितलेलं बरं, म्हणजे तो त्याच जूनमध्ये बी टाकतो आणि पुढच्या पावसाळ्यात रोप मिळतं. एक वर्ष थांबावं लागतं हे खरं आहे, त्याला पळवाट नाही.

आता कुठली झाडं, हे मात्र मी तुमची माती बघितल्याशिवाय छातीठोकपणे सांगणार नाही. नागपूर दोन वेगळ्या खडकांच्या सीमेवर वसलंय. पश्चिमेकडे, म्हणजे सेमिनरी हिल्स, हिंगण्याच्या बाजूला, दख्खनचा काळा बेसाल्ट आणि त्याच्यापासून झालेली माती. उत्तर-पूर्वेला कामठीकडे वालुकाश्म, रामटेकच्या बाजूला आणखी जुने खडक. एकाच शहरात कुणाच्या अंगणात पाणी चार दिवस साचतं, तर कुणाच्या अंगणात तासाभरात जिरतं. सालई, सोनसावर (आपल्याकडे गणेरही म्हणतात) ही टेकडीवरच्या दगडातली झाडं. ती अस्सल इथलीच, पण चिकण काळ्या मातीत पहिल्याच मोठ्या पावसाळ्यात त्यांची मुळं कुजतात. उलट करंज, हिवर, बाभूळ, अर्जुन, पळस ही काळ्या मातीला सरावलेली. म्हणून “नागपूरचं झाड” एवढ्यावर भागत नाही, तुमच्या प्लॉटचं झाड बघावं लागतं.

त्यासाठी प्रयोगशाळा नको. दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि रात्रभर सोडा. सकाळी पाणी तसंच असेल तर निचरा वाईट. तुमच्याकडे वर मुरूम आणि खाली काळी माती आहे, त्यामुळे वरून कोरडं आणि फुटाभर खाली डबकं अशी स्थिती असण्याची शक्यता बरीच. खणताना विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा, टाइल्स निघाल्या तर ते सगळं काढा. नव्या लेआउटमध्ये रोप मरण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि दोष मात्र झाडाला जातो.

माती कळली की मग दुकान. पहिला पत्ता वनविभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका. १ ते ७ जुलैच्या वनमहोत्सवाच्या सुमारास तिथे सवलतीच्या दराने रोपं मिळतात. वनविभागाचं राज्याचं मुख्यालयच नागपुरात असल्यामुळे कुठल्या रोपवाटिकेत काय तयार आहे हे विचारायला लांब जावं लागत नाही. पण तिथल्या मर्यादाही ओळखून जा. त्या रोपवाटिका लागवडीसाठी चालतात, म्हणून साग, बांबू, करंज, आवळा, शिवण अशी मोजकीच झाडं हजारोंनी असतात. झुडपं आणि वेली क्वचितच. आणि सरकारी रोपवाटिकेत आहे म्हणजे इथलंच असं समजू नका, बाहेरची झाडंही तिथे वाढवली जातात. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकदा जाऊन बघून या. जुलैच्या मध्यापर्यंत चांगलं ते संस्थांच्या गाड्यांमधून गेलेलं असतं.

दुसरा पत्ता म्हणजे कृषी महाविद्यालय आणि विद्यापीठाच्या रोपवाटिका. बेल, कवठ, आवळा, जांभूळ अशी फळांची झाडं तिथून घ्यावीत. फक्त एक विचारून घ्या : कलम आहे की बियांचं? फळासाठी कलम बरं, पण पाखरांसाठी आणि सावलीसाठी लावत असाल तर बियांचं रोप जास्त टिकाऊ.

तिसरा पत्ता कुणी सांगत नाही आणि मला तोच सगळ्यात आवडतो : बाजार. एप्रिल-मेमध्ये रामटेक, देवलापारकडच्या आठवडी बाजारांत, कधी कधी शहरातही, बायका पानांच्या द्रोणात चारं आणि टेंभरं घेऊन बसलेल्या असतात. चारं म्हणजे ज्याच्या बीतून चारोळी निघते ते काळसर फळ, टेंभरं म्हणजे तेंदूचं. पिकलेली फळं आणायची, खायची आणि बिया धुऊन सावलीत सुकवायच्या. ही आसपासच्याच जंगलातली फळं, त्यांच्या झाडांनी इथला मे महिना पिढ्यान्‌पिढ्या काढलेला. आणि ज्या बाईने ती गोळा केली तिला पैसे मिळाले. तिच्याशी दोन शब्द बोललात तर पुढच्या वर्षी ती तुम्हाला बिब्बा, मोहाची टोळी (फळं), वाघाटीचं फळ, काय हवं ते आणून देईल. फक्त मोठं ॲपल बोर किंवा पेटीतली जांभळं घेऊन ते “स्थानिक बी” म्हणून लावू नका, ती बागाईत जातींची असतात.

स्वतः जंगलात जाऊन बी आणायचा मोह होईल. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर अशा संरक्षित जंगलातून बी, रोप, कंद काहीही उचलायचं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. गोरेवाडा आणि अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानातूनही नको. गरजही नाही. सिव्हिल लाइन्सचे जुने रस्ते, कॉलेजांची आवारं, गावाकडच्या शेतांचे धुरे (बांध) यांवर पळस, बहावा, आपटा, करंज, काटेसावर भरपूर आहेत. मालकाला किंवा चौकीदाराला विचारा, खाली पडलेल्या शेंगा न्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. एकाच झाडाखालून सगळं बी घेऊ नका, चार-पाच वेगवेगळ्या झाडांचं थोडं थोडं घ्या.

ऑनलाइन विक्रेत्यांबद्दल माझं मत कडक आहे. पाकिटावर शास्त्रीय नाव, बी कुठल्या भागातलं आणि कुठल्या महिन्यात गोळा केलेलं, या तीन गोष्टी नसतील तर घेऊ नका. तुमच्या पळसाचं काय झालं असेल ते याच्यात आलं. पळसाची शेंग चपटी असते आणि टोकाशी एकच बी असतं. मार्चमध्ये फूल, मे-जूनमध्ये शेंग पडते आणि पहिल्या पावसात उगवते. ते बी साठवणीत फार टिकत नाही. गोदामात दोन उन्हाळे काढलेलं बी कितीही भिजवलं तरी उगवणार नाही. यंदा जूनच्या आरंभी एखाद्या धुऱ्यावरून ताज्या शेंगा आणा, सोलूही नका, शेंगेसकट आडव्या मातीत दाबा.

बियांचं हे असंच आहे, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. मोह, जांभूळ, कडुलिंब यांचं बी ओलं असतानाच, आठवडाभरात लावलं तर ठीक, नाहीतर वाया. बहाव्याचं उलट. त्याचं बी कैक वर्षं राहतं, पण कवच इतकं कठीण की तसंच पेरलं तर दोन-दोन वर्षं नुसतं पडून राहतं. लांब काळी शेंग फोडा, आत नाण्यांच्या चळतीसारखे पडदे आणि चिकट काळा गर असतो, त्यातून बिया काढून धुवा. मग पॉलिश पेपरवर एकेक बी एका बाजूने घासा, तपकिरी चकचकीत साल जाऊन आतला फिकट रंग दिसेपर्यंतच. डोळ्याच्या बाजूने, म्हणजे जिथे ते पडद्याला चिकटलेलं असतं तिथे, घासू नका. रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी ज्या फुगून दुप्पट झाल्या त्या लावा, ज्या तशाच टणक राहिल्या त्या पुन्हा घासा. मुलांना हे काम फार आवडतं. चारोळीच्या बीचं कवच अलगद तडकवावं लागतं, आतला दाणा दुखावला तर गेलं, आणि निम्मी तरी जातातच. मेडशिंगीचं बी पातळ पंखांचं. मेंढीच्या शिंगासारखी वाकडी शेंग तडकायच्या आत काढावी लागते, नाहीतर वारा घेऊन जातो. धायटीचं बी धुळीसारखं बारीक, तिचं रोपच विकत घ्या, उगाच डोकं लावू नका.

बीजगोळे, म्हणजे बी घालून वळलेले मातीचे गोळे, कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. घराच्या बागेत त्याचा काही उपयोग नाही. आणि उघड्या माळावर टाकलेल्या गोळ्यांतलं किती जगतं, हे टाकणारे सहसा बघायला जात नाहीत.

रोप विकत घेताना नावाची खात्री करणं हे सगळ्यात किचकट. विकणारा फसवतोच असं नाही, त्यालाही आलेलं नावच माहीत असतं. काही नेहमीचे घोळ सांगते. शिसम मागितलंत तर बहुतेक वेळा सिसू मिळेल. ते हिमालयाच्या पायथ्याचं झाड. आपल्या जंगलातल्या शिसमाची पर्णिका (एका देठावरच्या अनेक छोट्या पानांपैकी एक) टोकाला बोथट, गोलसर, कधी मध्ये किंचित खाच असलेली. सिसूची पर्णिका टोकाला निमुळती होऊन शेपटीसारखी संपते. दोन पानं शेजारी ठेवली की पुन्हा चूक होत नाही. बहावा म्हणून गुलाबी फुलांचा जावाचा कॅशिया देतात. त्याच्या पर्णिका लहान आणि संख्येने जास्त, बहाव्याच्या मोठ्या आणि मोजक्या, चार ते आठ जोड्या. आपट्याच्या नावाने कांचन खपवला जातो, दसऱ्याला तर सर्रास. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद, कांचनाचं मोठं आणि मऊ. पिवळी कण्हेर म्हणून मिळते ती बिट्टी, अमेरिकेतली. कंपाउंडला रांगेने लावतात तो उंच अशोक दक्षिणेकडचा, त्याचा सीतेच्या अशोकाशी संबंध नाही.

सीतेचा अशोक, सुरंगी, नागचाफा ही भारतीय झाडं आहेत हे मान्य, पण ती जास्त पावसाच्या, दमट प्रदेशातली. आपल्याकडे पाऊस हजार मिलीमीटरच्या वर पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मग मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. त्या झाडांच्या पानांच्या कडा करपतात, आणि ती जगवायला तुम्ही जे पाणी घालता त्यात इथली दहा झाडं जगली असती. पारिजातक मात्र डोळे झाकून लावा, तो मध्य भारतातल्या कोरड्या टेकड्यांवर आपणहून वाढतो. शंका आली तर पान, फूल आणि खोडाचा फोटो इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका, तिथे जाणकार ओळखून देतात. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातही कुणी ना कुणी सांगतंच.

आणि उंच रोप घ्यायची हाव नको. पाच फुटी रोप लहान पिशवीत असेल तर त्याची मुळं तळाशी गुंडाळली गेली आहेत हे नक्की. पिशवीचा तळ दाबून बघा, आत दोरीच्या गुंडीसारखं कडक लागलं तर ठेवून द्या. फूट-दीड फुटाचं, खोड सरळ, पानं कमी असली तरी ताजी, असं घ्या. तिसऱ्या वर्षी ते पाच फुटीला मागे टाकतं. पळस, मोह, तेंदू या सोटमुळाच्या झाडांना तर मी पिशवीत वाढवतच नाही, जिथे हवं तिथेच बी लावते. त्यांची पहिली काही वर्षं सगळी ताकद जमिनीखाली जाते. वरचा कोंब उन्हाळ्यात वाळतो, माणूस समजतो मेलं आणि उपटून टाकतो. पावसात त्याच बुडख्यातून नवा कोंब येतो. म्हणून तिथे एक काठी रोवून ठेवा आणि माळ्याला आधीच सांगा.

आता तुमचा प्लॉट. दहा फुटांच्या पट्टीत एकच झाड लावा, आणि तेही लहान चणीचं. काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते. मोठं झाड भिंतीजवळ असेल तर ते पाणी ओढून हा खेळ आणखी वाढवतं, पायाला त्रास होतो. म्हणून मोह, वड, अर्जुन, काटेसावर कितीही आवडत असले तरी या जागेत नाहीत. माझी निवड मेडशिंगी किंवा आपटा. मेडशिंगीला रात्री पांढरी फुलं येतात आणि घेर आटोपशीर राहतो. आपट्यावर फुलपाखरांच्या अळ्या येतील, त्या औषध मारून घालवू नका. बहावा हवाच असेल तर घराच्या भिंतीपासून निदान आठ फूट अंतर ठेवा. पण मग पट्टीत दुसरं झाड येणार नाही आणि शेंगा शेजाऱ्यांच्या गाडीवर पडतील, हे मान्य करून लावा.

पश्चिमेची भिंत तापते म्हणालात. तिथे सावलीसाठी गुळवेल सुचवतील, पण ती ऐन उन्हाळ्यात पानं टाकते. कंपाउंडवर तार बांधून वाघाटी चढवा. पानं बराच काळ राहतात, पांढरी फुलं नंतर गुलाबी होत जातात, आणि आकड्यासारखे काटे असल्यामुळे कंपाउंडवरून कुणी उडी मारत नाही. मुलं खेळतात त्या बाजूला मात्र नको. कळलावी दिसायला अप्रतिम, पण सगळी विषारी, विशेषतः कंद, आणि गुंजेचं बीही तसंच. घरात लहान मूल असेल तर दोन्ही टाळा. कळलावीचे जंगलातून उपटून आणलेले कंद बाजारात येतात, तसे तर कधीच घेऊ नका.

झाडाखाली पिवळी कोरांटी, तरवड, मुरुडशेंग, एखादी निर्गुडी. मुरुडशेंगेच्या विटकरी-लाल फुलांवर सूर्यपक्षी येतात, ते खिडकीतून दिसेल अशी लावा. कार्पेट ग्रासच्या जागी हरळी चालेल, तिला पाणी कमी लागतं. मागच्या कोपऱ्यात कूलरचं पाणी ठिबकतं का? नागपूरचं घर म्हणजे ठिबकणारच. तिथे वाळा लावा. ज्याच्या ताट्या आपण कूलरला लावत होतो तेच गवत. त्याला पाणी आवडतं आणि मुळं खोल जाऊन माती धरून ठेवतात. वाळ्याचा एक गड्डा कुणाकडून तरी मागून आणलात की फोडून त्याचे दहा होतात, विकत घ्यायची गरज नाही.

लागवड दोन चांगले पाऊस पडून माती खोलवर ओली झाल्यावर, म्हणजे साधारण जूनच्या अखेरपासून. ऑगस्टच्या मध्यानंतर मी सहसा लावत नाही, ऑक्टोबरचं ऊन येईपर्यंत मुळं धरत नाहीत. निचरा वाईट निघाला तर खड्डा खोल करू नका. उलट जमिनीपेक्षा फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावा. खड्ड्यात निघालेलीच माती परत घाला, थोडं कुजलेलं शेणखत पुरे. खड्डा नुसत्या खताने भरला तर मुळं बाहेर पडायला तयार होत नाहीत आणि पावसात तिथेच तळं साचतं. पालापाचोळ्याचं आच्छादन खोडाला न टेकवता चार बोटं लांब ठेवा, नाहीतर उधई त्यावरून खोडावर चढते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, रोज थोडं थोडं नाही. बोअरचं पाणी कडक असेल तर पांढरा थर दिसेल, एक-दोन पावसांत तो धुऊन जातो. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी बंद करा.

राहिली सुबाभूळ. तिच्याखाली दरवर्षी शेकडो रोपं उगवतात आणि तुम्ही लावलेलं काही वर येऊ देत नाहीत, म्हणून ती जायला हवीच. पण खोड धरलेलं झाड शहरात आपल्या मनाने तोडता येत नाही, मग ते कुठलंही असो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम १९७५ प्रमाणे महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. अर्जासोबत झाडाचे फोटो जोडा आणि त्याजागी काय लावणार ते लिहा. बोटाएवढी रोपं मात्र पावसात माती ओली असताना मुळासकट उपटत राहा. नुसती कापलीत तर पुन्हा फुटतात. परवानगी येईपर्यंत झाडावरच्या शेंगा हिरव्या असतानाच काढून टाका, तपकिरी होऊन तडकल्या की त्यांचं बी पुढची कित्येक वर्षं तुमच्या मातीत राहतं.